तुळईला कार्बन पट्टी: ५० मिमीची एक पुरेल म्हणतात. पुरेल?

पुस्तकांचा_हमाल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअर नाही. एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

पहिल्या मजल्यावर हॉल आहे. त्याच्या फरशीखालच्या तुळया ६ मीटर लांब, एकमेकींपासून ३ मीटरवर. तुळई २३० मिमी रुंद आणि स्लॅब धरून ४५० खोल. आजवर वर टेबलं-खुर्च्या होत्या. आता तिथे रुळांवर सरकणारी कपाटं (कॉम्पॅक्टर) बसवायची टूम निघाली आहे, २.२ मीटर उंचीची. कपाटवाल्यानंच एक माणूस धाडला. त्यानं मान वर करून तुळया बघितल्या, माहितीपत्रक उघडलं आणि म्हणाला, "प्रत्येक तुळईखाली कार्बनची ५० मिमी रुंद, १.४ मिमी जाड अशी एकच पट्टी चिकटवू. सळईच्या पाचपट ताकद आहे हिच्यात."

माझ्या चष्म्याची काडी त्याहून जाड आहे. असं खरंच चालतं का?

तिरकस_कोन

रुमाल टाकून ठेवतो. चिकटवलेल्या गोष्टींवर माझा मुळातच विश्वास नाही, चपलेपासून अनुभव आहे.

बेंडिंग_आप्पा

चालतं, आणि बऱ्याच वर्षांपासून चालतंय. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नल बसवताना ड्रिल आत गेलं आणि पुलातली ताणलेली केबल तुटली. १९९१ साली तो पूल कार्बन पट्ट्या चिकटवून दुरुस्त केला. एम्पा या संशोधन संस्थेत ऊर्स मायर यांनी त्याआधी बरीच वर्षं यावर काम केलं होतं. ज्या कामाला १७५ किलो पोलादी पत्रा लागला असता तिथे ६.२ किलो कार्बन लागला. पोलादी पत्रे चिकटवण्याची पद्धत त्याच्याही आधीची, १९६०च्या दशकातली. पण पत्रा जड, वर धरून ठेवायला टेकू लागतात, आणि गोंदाच्या आतल्या बाजूनं गंज धरला तर बाहेरून कळतही नाही.

तेव्हा पट्टी खोटी नाही. तुमच्या माणसाचा हिशोब मात्र मला संशयास्पद वाटतो. सळईच्या पाचपट ताकद, हे पट्टी दोन टोकांना यंत्रात धरून ओढली तर खरं आहे. पट्टीची मोडण्याची ताकद २८०० एमपीएच्या (चौरस मिमीला २८०० न्यूटनच्या) आसपास असते. तुळईखाली मात्र तिला कुठल्याच यंत्रानं धरलेलं नसतं. तिला धरतं ते जुन्या काँक्रीटचं वरचं दोन-तीन मिलिमीटरचं साल. पट्टी तुटायच्या कितीतरी आधी ते साल उपटून येतं. तुळईच्या मधल्या भागातल्या भेगेपासून सुरुवात होते आणि पट्टी टोकाकडे सोलत जाते, केळ्याचं साल निघावं तशी. गोंद तसाच राहतो, पट्टी शाबूत राहते आणि पट्टीला काँक्रीटचा पापुद्रा चिकटलेला दिसतो.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२आर या मार्गदर्शिकेत पट्टी सुटते तेव्हाच्या स्ट्रेनचं (ती मूळ लांबीच्या किती पट ताणली गेली त्याचं) सूत्र आहे: ०.४१ × √(काँक्रीटची ताकद ÷ (थर × पट्टीचा ई × जाडी)). काँक्रीट २५ एमपीए, पट्टीचा ई (कडकपणाचं माप) १,६५,००० एमपीए, जाडी १.४ घालून बघा. उत्तर ०.००४२७ येतं. त्याला ई नं गुणलं की पट्टीतला ताण सुमारे ७०० एमपीए. माहितीपत्रकातल्या आकड्याचा बरोबर चौथा हिस्सा.

मूळ नकाशे मिळाले तर लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं ओझं) किती धरला होता ते बघून सांगा.

शिकाऊ_सळई

आप्पा, एक शंका. सळईला लॅप (दोन सळया एकमेकींशेजारून जातात ती लांबी) लांब दिला की पकड वाढते. तशी पट्टी लांब चिकटवली तर?

बेंडिंग_आप्पा

चांगली शंका. याचं उत्तर मलाही पहिल्यांदा पचलं नव्हतं. पट्टीची पकड एका लांबीनंतर वाढतच नाही. वरच्याच आकड्यांवर ती लांबी येते सुमारे २१५ मिमी. त्यापुढे दोन मीटर चिकटवा की पाच, एका वेळी तेवढाच तुकडा ओझं घेतो. तो सुटला की पुढचा. एकेक टाका उसवत जावा तसं.

पुस्तकांचा_हमाल

नकाशा सापडला, कडा कुरतडलेला आहे पण वाचता येतो. लाइव्ह लोड ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. स्लॅब १२५ मिमी. तुळई भिंतीवर सुटी टेकलेली दाखवली आहे. एका सभासदाचं म्हणणं, "पट्टी दुप्पट घ्या, विषय संपला." तसं करायचं का?

शून्य_विक्षेप

थांबा, दुप्पट-तिप्पट नंतर. पट्टी लावायला *परवानगी* आहे का, तेच अजून कुणी बघितलेलं नाही.

रफ हिशोब करते, प्रत्यक्ष डिझाइन तिथल्या इंजिनिअरनंच करायचं. तुळईवर स्वतःचं, स्लॅबचं, फरशीचं मिळून साधारण १६ किलोन्यूटन प्रति मीटर. लाइव्ह लोड ३ × ३ = ९. दोन्ही मिळून २५, त्याला सुरक्षिततेचा १.५ चा गुणक म्हणजे ३७.५. त्या काळच्या डिझाइनरनं नेमकं एवढंच दिलं असं धरू.

आता कॉम्पॅक्टर. दाट सरकत्या कपाटांना उंचीच्या दर मीटरला ४.८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात. २.२ मीटरला १०.५६ झाले, तुळईवर ३१.७ प्रति मीटर. मूळच्या साडेतीनपट!

त्याच ४४०.२आर मध्ये अट आहे की पट्टी पूर्ण नाहीशी झाली असं धरून, नुसत्या जुन्या तुळईनं १.१ पट डेड लोड (तुळई, स्लॅब, फरशीचं स्वतःचं ओझं) अधिक ०.७५ पट लाइव्ह लोड पेलला पाहिजे; ग्रंथालयाच्या रॅकसारखं ओझं कायम राहणार असेल तर ०.७५ ऐवजी पूर्ण लाइव्ह लोड. पट्टी आगीत जाऊ शकते, कुणी कापू शकतं, सुटू शकते. अशा दिवशी छत खाली यायला नको, म्हणून ही अट. तुमच्याकडे १७.६ + ३१.७ = ४९.३ येतात. जुनी तुळई ३७.५ ची. नापास. दोन पट्ट्या लावा, दहा लावा, कॉम्पॅक्टर इथे बसत नाही.

आणि हे फक्त तुळईचं झालं. स्लॅबवरही तेच ओझं येणार, भिंतीवरही आणि पायावरही. त्यांचं काय, हे त्या गृहस्थांनी विचारलं होतं का?

पुस्तकांचा_हमाल

नाही ताई. त्यांनी फक्त तुळया मोजल्या, त्याही पावलांनी.

थोडा हिरमुसलो आहे, खरं सांगतो. मग नेहमीची, न सरकणारी रॅक? दोन ओळींत चालायला वाट असलेली?

शून्य_विक्षेप

तिथे जीव आहे. साध्या रॅकना चौरस मीटरला ६ किलोन्यूटन धरू. तुळईवर १८ प्रति मीटर. अटीचा हिशोब १७.६ + १८ = ३५.६, जुन्या तुळईच्या ३७.५ च्या आत. पास. लागणारी ताकद मात्र १.५ × ३४ = ५१. म्हणजे आहे त्याहून ३६ टक्के जास्त हवी. हे एफआरपीच्या (अशा तंतूंच्या पट्ट्या-कापडाच्या) आवाक्यातलं काम आहे. पुढचं आप्पांनी घ्या, मला वाकणाऱ्यापेक्षा कातरणाऱ्या बाजूची (टेकूजवळ तिरपी भेग पडून मोडण्याची) जास्त चिंता आहे, त्यावर नंतर लिहिते.

बेंडिंग_आप्पा

घेतो. सुट्या टेकलेल्या ६ मीटरला मोमेंट (वाकवणारा जोर) म्हणजे भार × ३६ ÷ ८. हवे २२९.५ किलोन्यूटन मीटर, आहेत १६९. साधारण ६० कमी. पट्टीपासून वरच्या दाबाच्या भागापर्यंत अंतर ०.४ मीटर धरा, तर पट्टीत १५० किलोन्यूटन ओढ हवी. त्यात ०.९ आणि ०.८५ हे कपातीचे गुणक आहेत (दुसरा खास एफआरपीसाठी), त्यांनी भागलं की १९६.

आता दोन माणसं हाच १९६ चा आकडा घेऊन बसली आहेत असं समजा. पहिला २८०० एमपीएनं भागतो. उत्तर ७० चौरस मिमी. ७० म्हणजे किती? बरोबर ५० × १.४. तुमच्या माणसाची पट्टी! कसं काढलं ते कळलं ना? (कॉम्पॅक्टरसाठी म्हणून त्यानं हे सांगितलं, ते आणखी वेगळंच.)

दुसरा ७०० नं भागतो. २८० चौरस मिमी. म्हणजे १०० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या, शेजारी शेजारी. २३० च्या तुळईखाली जेमतेम मावतात.

तिरकस_कोन

चौपट! माहितीपत्रक वाचणाऱ्यानं तळटीप वाचली नाही, एवढंच झालं म्हणायचं.

शिकाऊ_सळई

पट्टीऐवजी कापड वापरलं तर? आमच्या प्रयोगशाळेत ०.१६७ मिमीचं कार्बन कापड होतं. थर वाढवत नेले की ताकद वाढेलच.

बेंडिंग_आप्पा

वाढेल, पण तुला वाटते तशी नाही. सूत्रात थर भागाकारात आहेत आणि वर वर्गमूळ आहे. तुझ्याच कापडावर, ई २,३०,००० धरून: एका थराला सुटण्याचा स्ट्रेन ०.०१०५, म्हणजे रुंदीच्या दर मिलिमीटरला ४०० न्यूटन. दोन थरांना ८०० नाही, ५७०. चार थर लावलेस की कुठे ८०० होतात. चौपट माल, दुप्पट काम. खालचं साल तेच आहे ना, त्याच्यावर किती जणांना लोंबकळायला लावणार!

म्हणून जागा असेल तर जाडीपेक्षा रुंदी वाढवायची. रुंदीला वर्गमूळ लागत नाही. जागाच नसेल तर कव्हरमध्ये (सळईखालच्या काँक्रीटच्या थरात) खाचा पाडून त्यात पट्टी उभी बसवतात. तिला दोन्ही बाजूंनी पकड मिळते आणि ती सुटायला जास्त कष्ट पडतात. पण त्याला कव्हर पुरेसं हवं, नाहीतर खाच पाडताना ग्राइंडर थेट रिंगांवर (सळयांभोवतीच्या कड्यांवर).

काचेच्या तंतूचं कापडही मिळतं. त्याचा ई सत्तर हजारांच्या आसपास, शिवाय सतत ओढीखाली ठेवलं तर ते कालांतरानं तुटतं. कायम राहणाऱ्या ओझ्यात काचेला मोडण्याच्या ताकदीच्या २० टक्केच वापरू देतात, कार्बनला ५५. तुळईच्या तळाला मी काच लावणार नाही.

इपॉक्सी_हात

मी डिझाइन करत नाही, चिकटवतो. चौदा वर्षं झाली. वरचं गणित वाचून एवढंच कळलं की सगळं त्या सालावर आहे, आणि हे आम्हाला गणिताशिवाय माहीत होतं.

या कामात पट्टी चिकटवायला एक दिवस आणि तळ तयार करायला आठवडा, असं प्रमाण असतं. उलटं दिसलं तर काम थांबवा. गिलावा, रंग, चुना सगळं उतरवायचं. वरची सिमेंटची मलई घासून खडी दिसू लागेपर्यंत जायचं. मग व्हॅक्यूमनं धूळ. फडक्यानं पुसून भागत नाही, ती धूळ छिद्रांत जाऊन बसते. ०.३ मिमीपेक्षा रुंद भेगा असतील तर आधी त्यांत इपॉक्सी (हाच तो गोंद) भरून घ्यायचं. तळ सपाट हवा. खड्डा राहिला तर पट्टी ओढ आली की सरळ व्हायला बघते आणि तिथंच पहिली सुटते. कापड तुळईच्या कोपऱ्यावरून वळवायचं असेल तर कोपरा किमान १३ मिमी गोल करा. धारेवर कार्बन कापला जातो.

ओल असेल तर काम नाही. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंश तरी वर हवं. इपॉक्सीचे दोन भाग वजन करून मिसळायचे, अंदाजानं नाही, आणि डबा उन्हात ठेवायचा नाही. एकदा मुकादमानं वेळ वाचवायला अख्खा डबा एकदम कालवला. अर्ध्या तासात बादलीत दगड, आणि बादली इतकी तापली की हात लावता येईना.

सर्वांत आधी मात्र हातोडीनं तुळई वाजवून घ्या. टणक आवाज आला तर पुढे जा. बद्द आवाज आला तर आत सळई गंजून कव्हर सुटलंय. तिथे पट्टी लावणं म्हणजे सुटलेल्या पोपड्यावर पट्टी लावणं.

पुस्तकांचा_हमाल

दोन तुळयांवर बद्द आवाज येतो. एकीला तपकिरी डागही आहेत. पट्टीनं हवा-पाणी बंद होईल, मग गंज आपोआप थांबेल, असं तो माणूस म्हणाला होता.

शून्य_विक्षेप

थांबत नाही. क्षार आणि ओल आत कोंडली गेली तर गंज चालूच राहतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आतून कव्हर ढकलत राहतो आणि एक दिवस कव्हर पट्टीसकट खाली. आधी फोडून सळई मोकळी करा, घासा, किती जाडी उरली ते मोजा, पाणी कुठून येतं ते शोधा, मग दुरुस्तीचं मॉर्टर भरा. ते पक्कं झालं की मग पट्टीचं बोला. उघडी सळई आणि कार्बन एकमेकांना टेकू देऊ नका, ओल असेल तर सळईचा गंज आणखी जोरात होतो.

आणि कातर राहिली होती. तळाला पट्टी लावली की तुळई वाकण्यात सशक्त झाली, टेकूजवळच्या तिरप्या भेगेसाठी मात्र जशीच्या तशी आहे. पूर्वी ती वाकून, कुरकुरून, इशारा देऊन मोडली असती. आता कातरीत मोडली तर इशारा नाही. म्हणून टेकूजवळ यू आकाराचे कापडाचे पट्टे लागतात का, ते तपासायलाच हवं. वर स्लॅब असल्यामुळे पूर्ण गुंडाळता येत नाही. पूर्ण गुंडाळलं तरी स्ट्रेन ०.००४ च्या पुढे धरत नाहीत, यू ला सहसा त्याहून कमी. तळाच्या पट्टीच्या टोकांनाही असाच एकेक यू द्या, नाहीतर टोकापाशी कव्हरच सळईच्या रेषेत सुटून येतं.

तिरकस_कोन

माझा प्रश्न सोपा आहे. आग लागली तर? पुस्तकांचं कोठार आहे म्हणून विचारतो.

बेंडिंग_आप्पा

आगीत पट्टी गेली असंच धरायचं. कार्बन टिकतो, इपॉक्सी मऊ होतं. खोलीच्या तापमानाला पिकवलेली बरीचशी इपॉक्सी साधारण ६० ते ८२ अंशांच्या दरम्यान काचेसारखी घट्ट राहायचं सोडतात. म्हणून तर वर ताईंनी दिलेली अट. पट्टी गेल्यावर उरलेल्या तुळईनं छत धरून ठेवायचं असतं. लोक बाहेर पडेपर्यंत, बंब येईपर्यंत.

अवांतर: एका कामात आम्ही सगळं नीट केलं. तीन महिन्यांनी खोटं छत बसवणाऱ्यानं तुळईच्या तळाला भोकं पाडली, दर दोन फुटांवर एक, पट्टीच्या अगदी मधोमध. "साहेब, काळा प्लास्टिकचा पट्टा होता, आड येत होता." इबाखची कहाणीही ड्रिलपासूनच सुरू झाली होती. तेव्हापासून मी पट्टीवर ठळक अक्षरांत लिहून घेतो, आणि नकाशावरही.

पुस्तकांचा_हमाल

आणखी एक. काम चालू असताना हॉल रिकामा करायचा का? सभासद कुरकुर करताहेत.

बेंडिंग_आप्पा

करायचाच. पट्टीला आधीचं ओझं माहीतच नसतं. चिकटवल्यानंतर जे वाढेल तेवढ्यातलाच वाटा ती घेते. टेबलं, माणसं, सगळं खाली. जमलं तर टेकू देऊन जॅकनं तुळई किंचित उचलून धरा, मग डेड लोडमधलाही थोडा वाटा पट्टीकडे येतो. आणि पट्टीनं तुळईचा झोल कमी होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एवढ्याशा जाडीनं कडकपणा फारसा वाढत नाही.

इपॉक्सी_हात

पट्टी लावण्याआधी ओढून बघायची चाचणी करा. ५० मिमीची धातूची चकती तळाला चिकटवायची, भोवती गोल काप घ्यायचा, ओढायची. १.४ एमपीए तरी यायला पाहिजे. लावून झाल्यावर नाण्यानं वाजवत जायचं. पोकळ आवाजाच्या छोट्या जागा, १३०० चौरस मिमीच्या आतल्या, थोड्या असतील तर चालतात. मोठ्या असतील तर कापून पुन्हा.

पुस्तकांचा_हमाल

सात आठवड्यांनी परत येतोय. कॉम्पॅक्टर रद्द. साधी रॅक घ्यायचं ठरलं. स्लॅबचा हिशोब इंजिनिअर बाईंनी वेगळा केला, तिथेही खालून कापड लागणार आहे. गंजलेल्या दोन तुळया फोडून दुरुस्त झाल्या. पट्ट्यांचं डिझाइन १०० च्या दोन असंच आलं आहे, टेकूंजवळ यू धरून.

काल ओढून बघायची चाचणी झाली. सहा तुळयांपैकी पाच १.९ ते २.४. एक मात्र ०.८. ही तर सगळ्यात चांगली दिसणारी तुळई, एक भेग नाही! काय करू?

इपॉक्सी_हात

चकतीच्या पाठीला काय चिकटून आलंय?

पुस्तकांचा_हमाल

बघून आलो. राखाडी, पिठासारखं. बोटानं खरवडलं तर निघतं.

इपॉक्सी_हात

खडी दिसते का त्यात?

पुस्तकांचा_हमाल

एकही नाही.

इपॉक्सी_हात

मग ते काँक्रीट नाही. कुणीतरी कधीकाळी तुळई गुळगुळीत दिसावी म्हणून मॉर्टरचा हात फिरवलाय, म्हणूनच ती चांगली दिसते. पूर्ण लांबीत घासून काढा, खडी लागेपर्यंत. मग त्याच तुळईवर तीन ठिकाणी परत ओढा.

पुस्तकांचा_हमाल

घासली. १२ मिमीचा लेप निघाला. आता २.१, २.३, २.०, आणि चकतीला खडी अर्धी तुटून आली आहे. सोमवारी पट्ट्या.